गिऱ्हाइकांचा ग्रुप : लहान उद्योगाचे एक भांडवल

धंद्याला गिऱ्हाईक लागते हे सांगण्यासाठी अभ्यासलेखाची आवश्यकता नाही. परंतु एकदा आलेले गिऱ्हाईक पुन्हा कसे यावे, आणि अशी गिऱ्हाइके एकमेकांशी जोडली गेली तर लहान उद्योगाच्या पदरात काय पडते, हा विषय मात्र नीट विचार करण्याजोगा आहे. आपल्या सभासदांमध्ये घरी मसाले व लोणची करणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, जेवणाचे डबे देणाऱ्या भगिनी आहेत. नोकरीची वाट पाहता पाहता छोटा धंदा सुरू करणारे पदवीधर तरुणही आहेत. या सर्वांना उद्देशून आम्ही हा लेख लिहीत आहोत. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनाही तो उपयोगी पडावा, कारण त्यांच्या पुस्तकात दुकानाचा जमाखर्च असतो, दुकानासमोर उभ्या असलेल्या माणसांविषयी फारसे काही नसते.

आज असा धंदा सुरू करणारी व्यक्ती पहिल्या आठवड्यातच व्हॉट्सॲपवर एक ग्रुप काढते. त्याला पैसा लागत नाही, परवाना लागत नाही, त्यामुळे तो काढणे अगदी सोपे असते. फोनमध्ये असतील तेवढे सगळे नंबर त्यात घातले जातात. सहा महिन्यांनी तोच ग्रुप उघडून पाहावा. सकाळी 'शुभ सकाळ'ची फुले, दुपारी कोणीतरी पुढे ढकललेला औषधी उपाय, आणि मधूनमधून मालाचे फोटो व भाव. त्या फोटोंना कोणी उत्तर देत नाही. निम्म्या लोकांनी ग्रुपचा आवाज बंद करून ठेवलेला असतो. काही जण मुकाट्याने निघून गेलेले असतात. उद्योग करणारी व्यक्ती म्हणते, 'लोकांना आपल्या मालाची कदर नाही.' वास्तविक मालाचा प्रश्न तेथवर आलेलाच नसतो.

हे नुकसान वहीत कोठेही लिहिले जात नाही, म्हणून ते लहान वाटते. परंतु ज्या घराने बचत गटाचे कर्ज काढून मिरची-मसाल्याचे सामान भरले आहे, त्या घराला दर महिन्याला हप्ता भरावा लागतो. जाहिरातीला त्याच्याजवळ पैसा नसतो. पहिल्या हंगामात विश्वासाने माल घेणारी जी पन्नास-साठ माणसे मिळाली, तीच त्याची जाहिरात व तीच त्याची पत असते. या साठ जणांना कंटाळा आणला तर दुसरे साठ कोठून आणावयाचे, याचे उत्तर त्या घराजवळ नसते.

प्रथम हे पाहू की गिऱ्हाइकांचा समुदाय ही कल्पना मोबाईलने आणलेली नाही. मुंबईत लालबागच्या मिरची गल्लीत मार्च ते मे या महिन्यांत जाऊन पाहावे. गृहिणी बेडगी, शंकेश्वरी, काश्मिरी मिरची निवडून घेतात, धणे, खसखस, दगडफूल, नागकेशर तोलून घेतात, सामान भाजून घेतात आणि ते कुटून होईपर्यंत तेथेच थांबतात. मालवणी मसाल्याचे प्रमाण वेगळे, आगरी-कोळ्यांचे वेगळे, घाटावरचे वेगळे. या थांबण्याच्या वेळात एक बाई दुसरीला विचारते, 'तुम्ही लवंगी किती घालता?' दुसरी सांगते, तिसरी त्यात दुरुस्ती करते. दुकानदार मध्येच एखादे वाक्य बोलतो व पुन्हा तराजूकडे वळतो. पुढच्या वर्षी ती बाई दुसऱ्या दुकानात सहसा जात नाही. भाव दोन रुपयांनी कमी-जास्त असेल; परंतु येथे तिचे प्रमाण ठाऊक असलेली माणसे आहेत.

या दृश्यात जे घडते ते नीट पाहिले पाहिजे. दुकानदार तेथे भाषण करीत नाही. गिऱ्हाइके एकमेकांशी बोलतात, त्यांना एकमेकींकडून काही मिळते, आणि ते दुकानामुळे मिळते म्हणून त्याचे श्रेय दुकानाला जाते. फोनवरचा ग्रुप जिवंत राहतो तो याच कारणाने. मालकाच्या एकट्याच्या बोलण्यावर चालणारा ग्रुप फार दिवस चालत नाही, मग माल कितीही उत्तम असो.

साधन कोणते घ्यावे

व्हॉट्सॲपमध्ये तीन-चार वेगवेगळ्या सोयी आहेत व त्यांची गल्लत होते. 'ब्रॉडकास्ट' यादीतून एकच निरोप २५६ जणांपर्यंत पाठविता येतो व प्रत्येकास तो स्वतंत्रपणे आल्यासारखा दिसतो. परंतु ज्याने आपला नंबर आपल्या फोनमध्ये साठविला आहे त्यालाच तो पोहोचतो. 'चॅनेल' ही सोय २०२३ साली आली. तेथे मालक सांगतो व इतर वाचतात. वाचणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. ज्यांना केवळ भाव व तारखा कळवावयाच्या आहेत त्यांनी या दोहोंपैकी एक वापरावे आणि ग्रुपच्या भानगडीत पडू नये. आमच्या पाहण्यातले अर्धेअधिक ग्रुप मुळात यादी असावयास हवे होते.

ग्रुपमध्ये आज १०२४ पर्यंत सभासद घेता येतात. याचा अर्थ तेवढे घ्यावेत असा नाही. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी १९९२ साली माकडे व वानरे यांच्या मेंदूच्या आकारावरून असा तर्क मांडला की, माणूस साधारण दीडशे जणांशीच खरी ओळख राखू शकतो. या आकड्याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तथापि घरगुती उद्योगाला तो मर्यादा म्हणून चांगला आहे. दीडशेच्या पुढे गेल्यावर मालकाला नावे आठवत नाहीत, आणि नाव न आठवणारा मालक मोठ्या दुकानापेक्षा निराळा उरत नाही. तेव्हा त्या सुमारास वस्तीप्रमाणे किंवा माल पोहोचविण्याच्या ठिकाणाप्रमाणे दुसरा ग्रुप काढावा.

आणखी एक गोष्ट आधीच समजून घेतली म्हणजे पुढे हिरमोड होत नाही. संगणकाचा वापर लोक कसा करतात याचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००६ साली असे दाखविले की, अशा समुदायांत सुमारे नव्वद टक्के लोक केवळ वाचतात, नऊ टक्के कधीमधी बोलतात व बहुतेक सगळे बोलणे एका टक्क्याचे असते. म्हणजे ऐंशी जणांच्या ग्रुपात सात-आठ जण बोलू लागले तर ग्रुप उत्तम चालला आहे असे समजावे. न बोलणारी माणसे वाचत असतात, आणि खरेदीला येतात तीही पुष्कळदा त्यांच्यातलीच. मौन धरणाऱ्यांना 'तुम्ही काहीच का बोलत नाही' असे चारचौघांत विचारणे हा त्यांना बाहेर घालविण्याचा हमखास मार्ग होय.

कोणास घ्यावे

ग्रुपात येणाऱ्या प्रत्येकाचा फोन नंबर इतर सर्वांना दिसतो. या साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने फार त्रास झालेले आहेत. एखादी मुलगी मावशीकडून लोणचे घेते. मावशी प्रेमाने तिला ग्रुपात घालते. आणि आठ दिवसांनी रात्री अकरा वाजता एका अनोळखी गृहस्थाचा 'हाय' येतो. त्या मुलीने पुन्हा लोणचे का घ्यावे? ती घरी काही सांगत नाही, ग्रुप सोडते, आणि मावशीला वाटते मीठ जास्त झाले असेल.

म्हणून पहिला नियम असा की न विचारता कोणालाही घालू नये. माल देतेवेळी विचारावे, 'आमचा एक ग्रुप आहे, त्यात मसाल्याविषयी बोलणे चालते, तुमचा नंबर इतरांना दिसेल, चालेल का?' होकार आला तर ग्रुपाची लिंक त्यांच्याकडे पाठवावी व त्यांना आपल्या हाताने येऊ द्यावे. आपल्याला ग्रुपात कोणी घालावे हे ठरविण्याची सोय व्हॉट्सॲपने २०१९ पासून प्रत्येकाला दिलेली आहे. भगिनींनी ती आपल्या फोनमध्ये आजच पाहून घ्यावी. शिवाय व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली केला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले आहे. संमतीवाचून दुसऱ्याची माहिती वापरू नये हे त्यातील मुख्य तत्त्व. कायद्याचा बडगा घरगुती धंद्यावर केव्हा व कसा येईल हा भाग निराळा. पण विचारून घेण्याची सवय आतापासून असलेली बरी.

दुसरी चूक अशी होते की ग्रुप नातलगांनीच भरून जातो. नातेवाईक व शेजारी मायेपोटी माल घेतात, मायेपोटी उधार मागतात, आणि मायेपोटीच तक्रार करीत नाहीत. मीठ खरोखरच जास्त झाले असेल तरी आत्या 'छान झालंय गं' असेच म्हणणार. अशा ग्रुपातून मालाची खरी परीक्षा होत नाही. पहिल्या तीस जणांत निदान पंधरा तरी असे असावेत, ज्यांनी केवळ माल आवडला म्हणून पैसे मोजले आहेत. हे पंधरा गोळा करण्यास दोन महिने लागले तरी हरकत नाही. आत्याबाईंनाही अवश्य घ्यावे, त्यांच्याजवळ पाककृती असतात.

बोलावे कशाविषयी

आता मुख्य भागाकडे वळू. समजा, एक भगिनी घरी मसाला करते. तिच्या ग्रुपात ऐंशी जण आहेत. तिने आठवड्यातून दोन वार ठरवून घ्यावेत आणि त्या दिवशीच स्वतः होऊन लिहावे. रोज लिहिणारा मालक कंटाळवाणा होतो व महिन्याने एकदा लिहिणारा विसरला जातो. माघ संपता संपता नवी मिरची बाजारात येऊ लागते. तेव्हा तिने लिहावे की, बेडगी रंगाला चांगली पण तिखटाला कमी, लवंगी याच्या उलट. यंदा बाजारात अमुक भाव ऐकला. तुमच्या घरी कोणते प्रमाण चालते? असा प्रश्न विचारला म्हणजे दोन-चार उत्तरे येतात. एक जण म्हणेल, आमच्याकडे मासळीला निराळा मसाला लागतो. दुसरी म्हणेल, सासूबाई हरभऱ्याची डाळ भाजून घालतात. येथे मालकिणीने घाई करून आपला माल पुढे करू नये. बोलणे चालू द्यावे. चार दिवसांनी तीच माहिती वापरून तिने लिहावे, 'मासळीचा मसाला वेगळा हवा असे तिघींनी सांगितले, म्हणून या वेळी दोन किलो वेगळा करीत आहे. कोणाला किती हवा?' या दोन किलोला जाहिरात लागत नाही. तो माल त्या तिघींचाच झालेला असतो व त्याच तो इतरांना सांगतात.

पावसाळ्यात विक्री थंड असते, पण बोलण्याचे विषय पुष्कळ असतात. मसाल्याला ओल कशी लागू देऊ नये, बरणीत हिंगाचे खडे कोठे ठेवावेत, ओला चमचा का घालू नये, उरलेल्या मसाल्याचा रंग का उतरतो. दिवाळीपूर्वी चकलीच्या भाजणीचे प्रमाण हा विषय निघाला की जे वर्षभर बोलत नाहीत तेही बोलतात. चकली का फुटते यावर आम्ही दोन दिवस चाललेली चर्चा पाहिली आहे, व तीत त्या उद्योगाच्या मालकिणीची वाक्ये अवघी तीन होती.

विक्रीचा निरोप द्यावयाचा तेव्हा मात्र आडपडदा नको. वजन, भाव, केव्हा मिळेल, कोठे मिळेल, हे चारही एकाच निरोपात असावे. 'भावासाठी खाजगीत विचारा' असे लिहिणाऱ्यांविषयी गिऱ्हाइकाच्या मनात लगेच शंका येते की, आपल्याला एक भाव व शेजारणीला दुसरा. भाव उघड असला की हा प्रश्नच मिटतो. मागणी नोंदविण्यासाठी एक यादी टाकावी व ज्याने त्याने आपले नाव आणि वजन त्याखाली वाढवीत जावे. पंधरा नावे झालेली पाहिली की सोळाव्याला धीर येतो. उधारीचा व थकबाकीचा उल्लेख मात्र ग्रुपात कधीही, कोणत्याही कारणाने, थट्टेतसुद्धा करू नये. चारचौघांत एकदा पैशावरून मान खाली गेलेला माणूस परत येत नाही, आणि त्याच्या ओळखीचे चार जण त्याच्यामागोमाग जातात.

पैशाच्या बाबतीत एक व्यावहारिक सूचना. युपीआयने पैसे घेणे आता सर्वत्र झाले आहे. पैसे भरल्याचा फोनवरील फोटो हा पुरावा मानू नये; तसे खोटे फोटो बनविता येतात. आपल्या खात्यात रक्कम जमा झाली आहे की नाही हे स्वतः पाहावे. तसेच पैसे घेण्यासाठी आपला गुप्त क्रमांक कधीच द्यावा लागत नाही. 'पैसे पाठवितो, हा कोड स्कॅन करून पिन टाका' असे जो म्हणतो तो आपले पैसे काढून घेण्यासाठीच म्हणत असतो. ग्रुपात नवीन आलेला, मोठी मागणी नोंदविणारा व घाई करणारा मनुष्य दिसला तर अधिक सावध राहावे.

तक्रार आली म्हणजे

ज्या दिवशी ग्रुपात पहिली उघड तक्रार येते त्या दिवशी त्या ग्रुपाचे भवितव्य ठरते, असे आमचे मत आहे. समजा, एका बाईंनी फोटो टाकला: मसाल्यात गाठी झाल्या आहेत व वास येतो आहे. मालकिणीच्या पोटात गोळा येतो. ऐंशी जण पाहत आहेत. पहिला विचार असा येतो की हा निरोप काढून टाकावा. ग्रुपप्रमुखाला तशी सोय असतेही. दुसरा विचार, त्या बाईंना फोन करून 'आधी मला सांगायचे होते' असे सुनवावे. हे दोन्ही केले तर तक्रार नाहीशी होते खरी, परंतु ज्यांनी ती दहा मिनिटांत वाचली त्यांना उत्तर मिळालेले नसते. ते आपल्या घरची बरणी उघडून वास घेत बसतात.

याऐवजी तेथेच, त्याच ठिकाणी लिहावे: 'ताई, पुडी तशीच ठेवा, वापरू नका. उद्या संध्याकाळी मुलगा येऊन बदलून देईल. पुडीवर तयार केल्याची तारीख आहे ती कळवा.' तारीख कळली की त्या दिवशी केलेला माल आणखी कोणाकडे गेला ते वहीत पाहावे व त्या सर्वांना कळवावे. मसाला कुटल्यावर गरम असतानाच पुड्या भरल्या तर आत वाफ धरते, गाठी होतात व बुरशी येते. घाईच्या दिवशी असे घडते. कारण सापडले की तेही दोन ओळींत सांगावे. 'त्या दिवशी गरम मसाला भरला गेला. आता रात्रभर पसरून मग भरतो.' या दोन ओळी न बोलणाऱ्या बहात्तर जणांनीही वाचलेल्या असतात. पुष्कळ उद्योजक समजतात की तक्रारीमुळे गिऱ्हाईक तुटते. बऱ्याच वेळा ते तुटते तक्रारीनंतरच्या शांततेमुळे.

यासाठी मागची तयारी लागते. प्रत्येक पुडीवर तारीख हवी, कोणता माल कोणाकडे गेला याची वही हवी, आणि खाद्यपदार्थ विकणाऱ्याची अन्नसुरक्षा खात्याकडे, म्हणजे एफएसएसएआयकडे, नोंदणी हवी. घरून विकणाऱ्यालाही ती लागते. नोंदणीचा क्रमांक ग्रुपाच्या माहितीतच लिहून ठेवावा.

नियम आणि ते करणारे

अमेरिकेतील राज्यशास्त्राच्या अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सामाईक कुरणे, जंगले व पाटाचे पाणी लोक पिढ्यान्‌पिढ्या भांडण न होता कसे वापरतात याचा शोध घेतला. स्वित्झर्लंडमधील डोंगरी गावे, जपानमधील गावरान, स्पेनमधील पाटबंधारे व फिलिपाइन्समधील शेतकऱ्यांच्या पाणीसंस्था त्यांनी अभ्यासल्या, आणि १९९० साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांना आढळले की जेथे सभासद कोण व बाहेरचा कोण हे स्पष्ट असते, जेथे नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असतात, जेथे पहिल्या चुकीला लहान व पुन्हा पुन्हा केलेल्या चुकीला मोठी शिक्षा असते आणि जेथे तंटा झटपट, खर्चावाचून मिटतो, तेथे सामाईक वस्तू टिकते.

ग्रुपातील लोकांचे लक्ष ही अशीच सामाईक वस्तू आहे. एकाने त्यात रोज पाच व्हिडिओ टाकले तर बाकीच्यांचे लक्ष उडते व ते परत आणता येत नाही. तेव्हा नियम मालकाने घरी बसून करू नयेत. पहिल्या तीस जणांना विचारून चार-पाच नियम करावेत: रात्री नऊनंतर निरोप नको, ग्रुपातून नंबर घेऊन खाजगीत संपर्क करावयाचा नाही, राजकारण, धर्म व पुढे ढकललेले संदेश नकोत, दुसऱ्याच्या मालाची जाहिरात महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी चालेल. हा शेवटचा नियम मुद्दाम सुचवितो. ग्रुपात शिवणकाम करणारी किंवा शिकवणी घेणारी कोणी असतेच. तिलाही एक दिवस दिला तर ती ग्रुप आपला मानते. नियम मोडणाऱ्यास प्रथम खाजगीत सांगावे, नंतर निरोप काढावा, आणि तिसऱ्या वेळी त्यास ग्रुपबाहेर करावे. भगिनींना खाजगीत त्रास देणाऱ्याच्या बाबतीत मात्र पायऱ्या नाहीत. त्याला त्याच दिवशी काढावे व काढल्याचे ग्रुपात सांगावे.

निवडणुकीच्या दिवसांत हे काम कठीण होते. एखाद्याने भडकाऊ मजकूर टाकला तर प्रमुखावर खटला होईल अशी भीती अनेकांना असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली असा निर्णय दिला की, पूर्वसंकेत किंवा समान हेतू असल्याचे दिसत नसेल तर सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल केवळ ग्रुपप्रमुख आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येणार नाही. म्हणून निष्काळजी राहावे असे नाही. तसा मजकूर दिसताक्षणी काढावा, आणि अशा दिवसांत केवळ प्रमुखांनाच लिहिता येईल अशी सोय काही काळ चालू ठेवण्यास हरकत नाही. प्रमुख दोन असावेत व त्यांतील एक गिऱ्हाइकांपैकी असावा.

आगाऊ विश्वास

चांगला चाललेला ग्रुप अडचणीच्या काळी काय करू शकतो याचे उदाहरण कोकणातील आंब्याचे आहे. २०२० साली मार्चअखेर टाळेबंदी झाली ती ऐन हापूसच्या हंगामात. वाशीच्या बाजाराचे व्यवहार विस्कळीत झाले, वाहतूक अडली. तेव्हा रत्नागिरी-सिंधुदुर्गातील अनेक बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या गृहनिर्माण संस्थांतील रहिवाशांशी फोनवरून थेट व्यवहार केले. एका सोसायटीच्या ग्रुपात मागणी गोळा व्हावयाची, एक टेंपो भरेल एवढी झाली की माल निघावयाचा. दलाल, बाजार, दुकान हे सगळे मध्ये नव्हते. ज्या बागायतदारांची नावे लोकांना आधीपासून ठाऊक होती, त्यांचे काम साहजिकच सोपे झाले.

परंतु आंब्याने दुसरा धडाही दिला आहे. परप्रांतातील आंबा देवगडचा म्हणून खपविण्याचे प्रकार सर्वांना माहीत आहेत. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०२५ च्या हंगामात देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने फळावर विशिष्ट क्रमांकाचा स्टिकर लावण्याची योजना आणली. इतक्या खटाटोपाची गरज पडते, कारण अनोळखी बाजारात नावावर विश्वास ठेवता येत नाही. ओळखीच्या दीडशे जणांत मात्र बागेचा, मोहोराचा, अवकाळी पावसाने गळलेल्या फळांचा फोटो वर्षभर येत राहिला तर तोच दाखला होतो. फळ कमी आले हे लोकांनी मार्चमध्येच पाहिलेले असते. मग भाव वाढला तरी त्यांना फसविल्यासारखे वाटत नाही.

जपानमध्ये १९७० च्या दशकात फवारणीच्या औषधांना भ्यालेल्या गृहिणींनी शेतकऱ्यांशी असेच थेट संबंध जोडले. त्या पद्धतीस 'तेइकेई' म्हणतात. त्यात पीक बरेवाईट येईल ते दोघांनी वाटून घ्यावयाचे असते. आपल्याकडे मसाल्याच्या सामानासाठी कर्ज काढणाऱ्या भगिनीने, ग्रुप दोन हंगाम चालल्यावर, अशी विचारणा करून पाहावी: फाल्गुनात निम्मे पैसे आगाऊ द्या, चैत्रात ठरलेल्या भावाने माल घ्या. वीस जणांनी होकार दिला तरी तेवढ्या सामानापुरते कर्ज व त्यावरील व्याज वाचते. पहिल्या हंगामात मात्र असे मागू नये. आणि घेतलेले पैसे त्याच सामानाला लागले पाहिजेत, घरच्या लग्नाला नाही.

ग्रुप चालतो की नाही हे सभासदसंख्येवरून किंवा अंगठ्याच्या चिन्हांवरून मोजू नये. वहीत दोन रकाने आखावेत. पहिल्यात उन्हाळ्यात माल घेणाऱ्यांची नावे, दुसऱ्यात त्यांतील किती जण दिवाळीला पुन्हा आले ती नावे. पहिल्यात पन्नास व दुसऱ्यात तीस असतील तर उरलेल्या वीस जणांना एकेक फोन करावा, मागणी न करता, केवळ मसाला कसा झाला हे विचारण्यासाठी. या वीस फोनांतून जे कळते ते वर्षभराच्या ग्रुपातून कळत नाही.

ही वही कागदाचीच असावी. फोन पाण्यात पडतो, चोरीस जातो. पुष्कळ लोकांनी तक्रार केली तर व्हॉट्सॲप तो नंबर बंदही करते, आणि मग ऐंशी माणसांकडे जाण्याचा दुसरा रस्ता राहत नाही. संमतीने घेतलेले नाव, नंबर, कोणता मसाला आवडतो, किती तिखट चालते, घरी लहान मूल आहे का, एवढे प्रत्येकाच्या नावापुढे लिहिलेले असावे, वही कपाटात असावी, आणि ती कोठे आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला ठाऊक असावे.